चार कुलपांचं दार

मल्लेशमची बाज आम्ही दारासमोर लिंबाच्या सावलीत टेकवली तेव्हा पावणेबारा वाजले होते. वेळ पक्की आठवते, कारण मंडळाचा सेक्रेटरी मी होतो आणि काहीही घडलं की आधी घड्याळ बघायची खोड मला लागली होती.

मल्लेशम बाजेवर पडला नव्हता, बसला होता. दमा उसळला की माणसाला पडता येत नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे कानांपर्यंत चढवून तो विहिरीतनं बादली ओढावी तसा एकेक श्वास ओढत होता, आणि बादली दर वेळी निम्मीच भरून येत होती. तीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढलेला माणूस; छातीत दुसरं काय असणार, सुताचा भुगाच. त्याची बायको यादम्मा पाठ चोळत होती. विड्या वळता वळता तशीच उठून आली होती, पदराला तंबाखू चिकटलेली.

"पांचाळभाऊ, उघडा की ओ लवकर," ती म्हणाली. "नळी लावली की बसतंय त्यांचं. मागं दोनदा बसलंय."

दाराच्या आत, चार पावलांवर, ऑक्सिजनचा सिलिंडर होता. दाराला बाहेरून चार कुलपं होती.

चार कुलपं ही माझी अक्कल. सोलापुरात एका बंद पडलेल्या गिरणीच्या मागं आमची वसाहत. तेलुगू, कानडी, मुसलमान आणि आम्ही मराठी. नळावर चार भाषांत भांडणं चालायची, पण चौघांनाही चारी भाषांतल्या शिव्या समजायच्या, त्यामुळं कुणाचं काही अडलं नाही. पुढं आम्ही 'गिरणीमागील सर्वभाषिक एकोपा मंडळ' काढलं. पहिले सहा महिने मंडळानं एकच काम केलं: पाटीवर कुठली भाषा वर लिहायची ते ठरवलं. शेवटी पाटी गोल करून घेतली. कडेकडेनं चार भाषांत नाव. वाचायला मान मोडून घ्यावी लागायची, पण कुणी वर नाही, कुणी खाली नाही.

सिलिंडर गिरणीच्या जुन्या डॉक्टरांनी गाव सोडताना दिला होता. तो आधी हत्तुरेअण्णांच्या किराणा दुकानात असायचा. अण्णा कानडी. मग कुणीतरी उठवलं की कानड्यांना भरलेला मिळतो आणि बाकीच्यांना उरलेला. त्यावरून एक दिवस दगड चालले आणि खाजाभाई शाबदी, जे फक्त बघायला आले होते, त्यांच्या कपाळाला तीन टाके पडले. त्यानंतरच्या सभेत मी उभा राहिलो. म्हटलं, गिरणीची टाइमकीपरची खोली रिकामी आहे. तिथं सिलिंडर ठेवू. दाराला चार कोयंडे, चार कुलपं, एकेका समाजाकडं एकेक किल्ली. चौघं जमल्याशिवाय दार उघडणार नाही.

इतक्या टाळ्या मला लग्नातही मिळाल्या नव्हत्या.

जादा किल्ल्यांचं काय, असा प्रश्न निघाला. कुणाकडं दुसरी किल्ली राहिली तर पुन्हा संशय. म्हणून चारही जादा किल्ल्या गिरणीच्या विहिरीत सोडल्या. अण्णांनी नारळ फोडला, खाजाभाईंनी दुवा मागितली, मल्लेशमनं हळदकुंकू टाकलं. पुण्याहून एक बाई आल्या होत्या, अशा वस्त्यांवर काहीतरी लिहीत होत्या. त्यांनी कुलपांचा फोटो काढला आणि म्हणाल्या, ही कुलपं नाहीत, हा विश्वास आहे. आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या.

सुतारकाम माझं, म्हणून कोयंडे मी बसवले. दार धरायला मल्लेशम होता.

तर त्या दिवशी माझं कुलूप मी काढलं. खाजाभाई शिलाई मशीनवरून उठून गळ्यात टेप घेऊनच धावत आले. त्या वर्षी अध्यक्ष ते होते. त्यांनी त्यांचं काढलं. तेलुगूंची किल्ली मल्लेशमच्याच गळ्यात होती. यादम्मानं ती दोऱ्यासकट ओढून काढली आणि कुलपाला लावणार, इतक्यात चन्नप्पा मध्ये आला.

चन्नप्पा म्हणजे हत्तुरेअण्णांचा मेव्हणा. नियम त्याला तोंडपाठ असायचे. दुसरं काही पाठ नव्हतं.

"थांबा ओ. धारकानं स्वतःच्या हातानं उघडायचं. सहावा नियम."

"त्यांना उठता येईना झालंय, दिसंना का तुला?" यादम्मा म्हणाली.

"मला दिसतंय की, वैनी. पण उद्या दुसऱ्या कुणी यायचं अन् मी अमक्याची बायको म्हणायचं. बाज सरकवा. नियम मी केला नाही, पांचाळांनी केलाय."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. नियम मीच केला होता. आम्ही बाज दारापर्यंत सरकवली, किल्ली मल्लेशमच्या बोटांत दिली आणि मी त्याचा हात धरून कुलपाकडं नेला. हात गार होता, घामानं ओला. त्यानं किल्लीकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली, नको म्हणाल्यासारखी. मग हनुवटीनं गल्लीच्या तोंडाकडं खूण केली, जिकडं नाका होता आणि रिक्षा उभ्या असायच्या.

मी त्याच्या बोटांवर बोटं दाबून किल्ली फिरवली.

आता चौथं. चौथी किल्ली हत्तुरेअण्णांच्या करदोड्याला होती आणि अण्णा करदोड्यासकट दुधनीला लग्नाला गेले होते. संध्याकाळच्या गाडीनं येणार होते.

फक्त मल्लेशमचा श्वास, शिट्टी अडकल्यासारखा.

मी म्हणालो, "उचलून सिव्हिलला नेऊ या का?"

हे मी म्हणालो होतो. नंतर कितीतरी वेळा मी स्वतःला हे सांगितलंय. एकदा म्हणालो होतो.

"कुठनं न्यायचं?" खाजाभाई म्हणाले. "सगळी गल्ली ड्रेनेजसाठी खोदून ठेवलीय. रिक्षा आत येत नाही. फळ्यांवरनं बाज न्यायची म्हणजे नाक्यापर्यंत आठ-दहा मिनिटं, वर ही धूळ. दमेवाल्या माणसाला धुळीतनं फिरवायचा, अन् आक्सिजन इथं तोंडासमोर? रस्त्यात काय झालं तर कोण जवाबदार?"

"बराबर," सगळे म्हणाले. यादम्माही म्हणाली, "आधी नळी लावा, मग कुठं न्यायचं ते न्या."

मी पुन्हा म्हणालो नाही.

समोरच माझं घर. उंबऱ्यावर माझी आई बसली होती, लसूण सोलत. तिला दिसायचं कमी पण ऐकू सगळं यायचं. ती तिथनंच म्हणाली, "अंबा, अरे गड्ड्याच्या जत्रेदिवशी केलतास तसं कर की."

"काय म्हणते आई?" खाजाभाईंनी विचारलं.

"काही नाही. उन्हानं भ्रमल्यासारखं होतंय तिला."

मी जाऊन तिला दंडाला धरून उठवलं, आत नेऊन बसवलं आणि दाराला बाहेरून कडी घातली. लसणाचं ताट उंबऱ्यावरच राहिलं. परत आलो तेव्हा खाजाभाई म्हणत होते, "तोडा. अण्णांचं कुलूप तोडा. पांचाळ, हातोडा आणा. ठरावात लिहून घेऊ."

चन्नप्पा दारासमोर उभा राहिला. त्याच्यामागं आणखी सात-आठ कानडी माणसं. दुष्ट नव्हती ती. त्यातल्या दोघांनी मल्लेशमची बाज उचलून आणली होती.

"आमचंच का तोडायचं?" चन्नप्पा म्हणाला. "तिघांची कुलपं चांगली सलामत राहणार अन् आमचं तेवढं हातोड्यानं फुटणार? मागं दगडंबी आमच्याच दुकानावर आली होती. अण्णा आल्यावर मी काय तोंड दाखवू?"

"माणूस मरायलाय इथं," खाजाभाई म्हणाले.

"मग मला माणूस नको झालाय का? मल्लेशम माझा पत्त्यातला भिडू आहे. मी म्हणतो तोडा. पण एकट्याचं नको. तोडायची तर चारी तोडा."

हे ऐकून सगळ्यांना हायसं वाटलं. खरंच वाटलं. मार्ग निघाला की माणसं कशी सैल होतात तशी झाली. खाजाभाई म्हणाले, "वाजवी बात है. चारी तोडू."

मग कुणीतरी म्हणालं, पण तीन तर उघडलीत, ती तोडणार कशी? उघडं कुलूप हातात धरून तोडलं तर ते काही खरं तोडणं नाही.

म्हणून आम्ही तीन कुलपं परत लावली.

मी लावली, खाजाभाईंनी लावलं, आणि मल्लेशमचं लावताना त्याचा हात पुन्हा धरावा लागला नाही, कारण लावण्याबद्दल नियम नव्हता. ते चन्नप्पानंच लावलं. दाबल्यावर तिन्ही कुलपांचे आवाज लागोपाठ झाले, खट, खट, खट. यादम्मा आमच्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असावं, आपल्यालाच काहीतरी समजत नाही.

पहिलं कुणाचं तोडायचं यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. कागद माझ्या इतिवृत्ताच्या वहीचा. उचलायला यादम्माला सांगितलं, कारण ती कुठल्याच बाजूनं बोलणार नाही अशी सगळ्यांची खात्री होती. पहिलं नाव मराठीचं निघालं. मला बरं वाटलं, निदान कुणी नाव ठेवणार नाही म्हणून. बघा, अशा वेळी डोकं काय काय विचार करतं.

हातोडा माझाच. कुलपं चांगल्या कंपनीची घेतली होती, मीच आग्रह धरला होता. पहिलं तुटायला बावीस घाव लागले. प्रत्येक घावाला मल्लेशम दचकत होता. त्याचे ओठ जांभळे झाले होते, नखं काळी. दुसऱ्या कुलपाच्या वेळी त्यानं उजवा हात उचलून परत नाक्याकडं दाखवलं. आता हनुवटीनं नाही, सरळ बोटानं.

"इकडं बघ रे, दाराकडं," खाजाभाई त्याला म्हणाले, लहान पोराला म्हणावं तसं. "झालंच. दोन राहिलीत. तिकडं काय बघतो?"

मी हातोडा चन्नप्पाकडं दिला, घाम पुसायच्या निमित्तानं. बाजेजवळ गेलो. मल्लेशमनं माझं मनगट धरलं. त्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं.

"अंबादास," तो म्हणाला.

बास, एवढंच. पण एक शब्द बोलण्याइतका श्वास त्याच्याकडं होता. बाजूला त्याची बायको होती, तिला तो तेलुगूत एक शब्द सांगू शकला असता. त्यानं तो माझ्या नावावर घालवला. मग तो माझ्याकडं बघत बसला. वाट बघत होता माझी.

मी म्हणालो, "होतंय, होतंय. धीर धर."

तिसरं कुलूप तुटत असताना त्याचा आवाज थांबला. यादम्मा आधी पाठ चोळतच राहिली. मग तिनं चेहरा समोरून बघितला आणि खाली बसली. बारा वाजून छत्तीस मिनिटं.

चन्नप्पा हातोडा घेऊन उभा होता. चौथं कुलूप तसंच होतं, त्यांचं, अण्णांचं. कुणीतरी हळूच म्हणालं, आता राहू द्या. पण चन्नप्पा म्हणाला, "नाही. उद्या म्हणाल, तिघांची तुटली अन् कानड्यांचं शाबूत राहिलं." तो रडत होता. रडत रडत त्यानं चौथं कुलूप तोडलं. एकोणतीस घाव. आम्ही सगळे मल्लेशमभोवती उभं राहून ते मोजल्यासारखं ऐकत होतो.

दार उघडलं. यादम्मा म्हणाली, "लावा." कुणी हललं नाही. "लावा म्हटलं ना. यासाठी थांबले ते."

मग खाजाभाईंनी सिलिंडर गोल गोल फिरवत बाहेर आणला, मास्क मल्लेशमच्या तोंडावर ठेवला आणि वरची चावी फिरवली. आणखी फिरवली. पूर्ण फिरवली. आवाज आला नाही. त्यांनी वाकून काटा बघितला, टेपनं चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"ये तो खाली है," ते म्हणाले.

सगळे पुढं सरकून काटा बघायला लागले. मी गेलो नाही. मला माहीत होतं काटा कुठं आहे.

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेत, सगळी वसाहत नंदीध्वज बघायला गेली होती. चन्नप्पा ध्वज धरणाऱ्यांत, अण्णा त्याच्यामागं, खाजाभाई पोरीबाळींना पाळण्यात बसवायला. भर दुपारी माझ्या आईला धाप लागली. डोळे पांढरे झाले. गल्लीत दुसरं माणूस नव्हतं, एकटा मल्लेशम होता. गर्दीच्या धुळीनं त्याला त्रास व्हायचा म्हणून तो घरी राहिला होता. मी दारासमोर उभा राहून चार कुलपांकडं बघत होतो. तो शेजारी आला आणि म्हणाला, "पांचाळ, तू सुतार ना रे? बिजागऱ्या कुठल्या बाजूला आहेत बघ."

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. बिजागऱ्या बाहेर. कोयंडे बसवले तेव्हाच आम्हा दोघांना ते दिसलं होतं आणि आम्ही दोघं त्यावर हसलो होतो. सहा स्क्रू काढले की दार कुलपांसकट बाजूला होत होतं. मी पेचकस चालवला, त्यानं दार तोलून धरलं. दमेकरी माणूस, तरी धरलं. दोन तास आईला ऑक्सिजन लावला. ती सावरली, पण काटा पार खाली गेला. संध्याकाळच्या आत आम्ही सिलिंडर जागेवर ठेवून सहा स्क्रू परत आवळले. मी म्हणालो, "कुणाला सांगू नको. म्हणतील मराठी लोकांनी खाल्लं. परत दगड चालतील."

"नाही सांगत," तो म्हणाला. "तू भरून तेवढा आण."

मी दोन सभांत विषय काढला, सिलिंडर भरून आणू म्हणून. चन्नप्पा म्हणाला, कुलपं लागल्यापासून वापरलाच नाही तर भरायचा कशाला? याला उत्तर माझ्याकडं होतं, पण देता येत नव्हतं. दुसऱ्या सभेत तो कुणाच्या हातगाडीवरनं न्यायचा यावर दोन तास गेले आणि सभा तहकूब झाली. मग एप्रिल आला.

म्हणजे त्या दुपारी पन्नास मिनिटं सगळेजण दार उघडायला धडपडत होते. ते उघडू नये असं वाटणारा त्या गर्दीत मी एकटाच होतो. आणि दारामागं काही नाही, नाक्याकडं न्या, हे सांगणारा मल्लेशम एकटाच होता. आठ-दहा मिनिटांचा रस्ता.

इतिवृत्तात मी लिहिलं: 'सिलिंडरमध्ये नैसर्गिक गळती आढळली. मंडळ शोक व्यक्त करते.' ठराव एकमतानं मंजूर झाला. चारी भाषिकांची सही असलेलं, मंडळाच्या इतिहासातलं ते एकमेव पान. चार महिन्यांनी मंडळ मोडलं. गोल पाटी बरेच दिवस होती, मग कुणीतरी ती पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवली. बरोबर बसली.

माझी आई त्यानंतर सहा वर्षं जगली. कडी घातल्याबद्दल तिनं मला कधी विचारलं नाही.

मल्लेशमचं दहावं झाल्यावर दोन दिवसांनी यादम्मा माझ्या घरी आली होती. मी दारात रंधा मारत होतो. ती उभीच राहिली. पदराखालून काहीतरी काढून तिनं माझ्यासमोर फळीवर ठेवलं. माझा लाल मुठीचा पेचकस. जानेवारीपासून मी तो शोधत होतो.

"त्यांच्या पेटीत होता," ती म्हणाली. "तुमचा आहे म्हणाले होते. संक्रांतीपासनं सांगत होते, पांचाळला नेऊन दे. मला विड्यांतनं वेळ मिळाला नाही."

मी म्हणालो, "एवढ्यासाठी कशाला आलीस, कुणाच्या हाती दिला असतास."

"नाही," ती म्हणाली. "कुणासमोर देऊ नको म्हणाले होते."

माझ्या घरासमोर टाइमकीपरची खोली होती. दार नुसतं लोटलेलं. कोयंडे तुटून लोंबत होते, पण बिजागऱ्या जागच्या जागी होत्या, सहाही स्क्रू पक्के. यादम्मानं पेचकसाकडं बघितलं, मग वळून त्या दाराकडं बघितलं, चांगलं वरपासून खालपर्यंत.

मग पदर खोचून ती घरी गेली. विड्यांची पाटी भरायची राहिली होती.